सात मोजलेले, तीन सांगितलेले

१

ती वही मीच पकडून दिली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी शहाणा म्हणणार नाही.

मी अजिनाथ. शिरूर कासारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सच्या लॅबचा परिचर. सव्वीस वर्षं झाली. मास्तर येतात, बदलून जातात, मी आहे तिथंच आहे. स्टँड पुसायचे, स्प्रिंगा मोजून ठेवायच्या, पोरांनी थर्मामीटर फोडला की बोंब मारायची. पोरं मला मामा म्हणतात. तोंडानं मी फटकळ आहे, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. असेन.

बारावीच्या प्रॅक्टिकलचा आदला दिवस, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. बाहेरच्या परीक्षक येणार म्हणून मी बेचाळीस जर्नलं टेबलावर रचत होतो. रचता रचता चाळायची मला खोड आहे. एकेचाळीस ठीक निघाली. बेचाळिसावी रोहिणीची.

रोहिणी म्हणजे बजरंग ऊसतोड्याची थोरली. दिवाळीच्या आधी बजरंग बायको-लेकरं घेऊन ऊसतोडीच्या फडावर गेला, तशी ही पण गेली. आमच्याकडं निम्मा वर्ग असाच जातो, त्याचं काही नवल राहिलेलं नाही. जानेवारीच्या शेवटाला ती एकटीच एसटीनं परत आली, मावशीकडं उतरली आणि जर्नल जमा केलं. बजरंगनं तिला साफ सांगितलेलं, सगळ्या वर्गाला माहीत होतं: बारावी पास झालीस तर पुढं शीक, नाही झालीस तर पुढच्या हंगामाला लगीन लावून तुझा वेगळा कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या हिशेबात एक नग. आणि जर्नलवर सही नसली तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, म्हणजे बारावीचा निकाल तिथंच लागला.

मी लंबकाचं पान उघडलं. लंबक म्हणजे दोरीला टांगलेला गोळा. दोरीची लांबी बदलायची आणि दर लांबीला एक झोका पुरा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पुस्तकात पेंडुलम म्हणतात. आमच्या लॅबमध्ये भगवानराव सरांपासून लंबकच. सर आता हयात नाहीत, पण त्यांनी लावलेली एक रीत आम्ही मोडली नाही. दहापैकी सात लांब्यांची रीडिंगं घ्यायची. सेकंदांचा वर्ग करून ते सात ठिपके ग्राफवर मांडायचे आणि सगळ्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी एक सरळ रेषा गणितानं काढायची. समाश्रयण रेषा असं तिचं भारदस्त नाव आहे, पोरं नुसती रेषा म्हणतात. त्या रेषेवरून उरलेल्या तीन लांब्यांचं उत्तर आधी सांगायचं आणि मगच मोजून बघायचं. एका रकान्यात अंदाज, शेजारी प्रत्यक्ष. सात मोजायचे, तीन सांगायचे. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ येईल त्याला सर लिमलेटची गोळी द्यायचे. सर गेल्यापासून गोळ्या मी आणतो.

अंदाज जवळ येतो, तंतोतंत कधी येत नाही. घड्याळ दाबताना बोट मागंपुढं होतं, वारा लागतो, दोरी ताणते. सव्वीस वर्षांत तिन्ही तंतोतंत आलेली वही मी पाहिली नव्हती. रोहिणीच्या वहीत अंदाज दोन पूर्णांक अडुसष्ट, प्रत्यक्ष दोन पूर्णांक अडुसष्ट. खाली पंच्याहत्तर आणि पंच्याहत्तर. त्याखाली ब्याऐंशी आणि ब्याऐंशी.

वरच्या सात रीडिंगांचा तर आणखी आनंद. एक मीटर दोरीला दोन सेकंद लागतात, हे आमच्या लॅबच्या भिंतीलाही पाठ आहे. हिनं लिहिले होते दोन पूर्णांक चव्वेचाळीस! वर पानाच्या कोपऱ्याला तेलकट काळा डाग. आणि दिवाळीच्या आधी माझ्याकडून नेलेला स्टीलचा टेप परत आलेला नव्हता, त्याचा राग वेगळाच.

मी वही उचलली आणि तणतणत आमच्या फिजिक्सच्या अमरसिंह सरांपुढं नेऊन टाकली.

"बघा सर, पोरीनं घरी बसून आकडे ठोकलेत."

सरांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण पानाखाली त्यांचीच सही होती.

२

दुसऱ्या दिवशी पाटोद्याहून परीक्षक विजयमाला मॅडम आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, पदराला चष्मा पुसायची सवय, आवाज कधी चढत नाही. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते.

अमरसिंह सरांनी वही त्यांच्यापुढं ठेवली. "मॅडम, गठ्ठ्यात सही झाली माझी, कबूल आहे. पण हे उघड बनावट आहे. मी सही रद्द करतो, तुम्ही शेरा मारा, विषय संपला."

"मुलगी आली आहे?"

"बाहेर उभी आहे."

"तिला आज सगळ्यांबरोबर बसू द्या. संध्याकाळी पाचला मी निकाल सांगेन. खोटं निघालं तर मीच रद्द करीन."

मग त्यांनी वही घेतली, कागद-पेन्सिल घेतली आणि परीक्षा सुरू असतानाच कोपऱ्यातल्या टेबलावर बेरजा-गुणाकार मांडत बसल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "भाऊ, खोटं लिहायला बसलेला माणूस कसे आकडे लिहील?"

"बरोबर उत्तर यील असे."

"मग एक मीटरला दोन पूर्णांक चव्वेचाळीस कशाला लिहील? हे तर कुणीही पकडेल. तुम्ही पकडलंतच."

मी तांब्या टेबलावर टेकवला.

"आणि हे बघा." त्यांनी ग्राफवर बोट ठेवलं. "हिचे सात ठिपके थोडे वरखाली आहेत, जसे खऱ्या मोजणीचे असतात. त्यातून मी रेषा काढली. रेषेचा चढ अगदी बरोबर आहे. त्या चढावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढला तर तुमच्या लॅबमधल्या पोरांपेक्षा चांगला येतो. फक्त रेषा सगळीच्या सगळी वर सरकलेली आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे तिनं दरवेळी दोरी जेवढी लिहिली, त्यापेक्षा लंबक लांब होता. दरवेळी तेवढाच लांब. अठ्ठेचाळीस सेंटीमीटर."

मी डोकं खाजवलं. आमचा पितळी गोळा सुपारीपेक्षा जरा मोठा. पोरं कधी गोळ्याच्या वरच्या हुकापर्यंतच मोजतात, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजत नाहीत, तेव्हा रेषा अशीच सरकते. पण एखादा सेंटीमीटर.

"हातभर झालं की हे," मी म्हणालो.

"हातभर," मॅडम म्हणाल्या. "ही मोजणी या लॅबमध्ये झालेलीच नाही, भाऊ. ती कुठंतरी खरोखर झाली आहे. दोरीच्या खाली हातभर असं काय टांगलं होतं, तेवढं मला हवंय. आणि आता मला सांगा, तिच्याकडं मोजायला टेप कुठून आला?"

३

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. फडावर जायच्या आदल्या दिवशी रोहिणी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. मामा, माझं लंबकाचं कसं व्हायचं? मी म्हणालो, लंबकाला काय विमान लागतंय व्हय? दोरी अन् वजन असलं की झालं, घड्याळ मोबाईलात हाय. आणि स्टॉकमधला टेप काढून दिला. नियमात बसत नाही ते, पण दिला.

"आणखी काय म्हणालात?"

"न्हाई, दुसरं काय म्हणणार?"

"आठवून बघा."

आठवायला कशाला हवं, मी प्रत्येक पोराला तेच म्हणतो. "म्हणलो, धाच्या धा भर. रकाना मोकळा सोडलास तर सही मिळायची न्हाई."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं.

मग त्यांनी दिपालीला बोलावलं. ही रोहिणीच्या बेंचवरची, शिरुरातल्याच एका बड्या बागायतदाराची मुलगी. तिनंच रोहिणीचं जर्नल लिहून दिलं असणार, अशी अमरसिंह सरांची खात्री होती.

"मी नाही लिहिलं मॅडम," दिपाली म्हणाली. "थिअरीच्या पानांचे फोटो पाठवले होते व्हॉट्सॲपवर. आणि माझी दहाही रीडिंगं पाठवली होती."

"केव्हा?"

"डिसेंबरमधेच. म्हटलं जमलं नाही तर उतरवून घे. तिनं उतरवलीच नाहीत. म्हणाली, माझा लंबक वेगळा हाय. उतरवली असती तर आज कुणाला कळलंही नसतं." पोरगी रडकुंडीला आली.

खरी गोम इथं होती. बरोबर उत्तरं रोहिणीच्या मोबाईलात दीड महिना पडून होती, आणि पोरीनं त्यांना हात लावला नव्हता. अमरसिंह सर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"फोनवर बोलायचात का?"

"रोज दुपारी. मागं सारखं करकर वाजायचं, दोरी घासल्यासारखं. मी विचारलं तर हसायची. म्हणायची, प्रयोग चालू हाय."

"शेवटचं कधी बोललात?"

"नऊ जानेवारीला. त्यानंतर तिनं फोनच उचलला नाही. परत आली तेव्हाच भेटली. तेव्हापासून बोलतच नाही नीट."

मॅडमनी वहीतल्या तारखांवर बोट फिरवलं. सात रीडिंगांना सात वेगवेगळ्या तारखा, दोन डिसेंबर ते नऊ जानेवारी. शेवटच्या तिन्हींना एकच: चौदा जानेवारी.

"नऊ आणि चौदाच्या मधे काहीतरी झालं," त्या हळूच म्हणाल्या. "रोहिणीला पाठवा."

४

रोहिणी आली. दोन वेण्या, हातांवर उसाच्या पाचटाचे चरे, डोळे खाली. तिची परीक्षा आटोपली होती आणि तिथला लंबक तिनं झकास सोडवला होता. एक मीटरला दोन पूर्णांक शून्य एक. म्हणजे येत नव्हतं असं नाही.

"ही रीडिंगं तू घेतलीस?"

"व्हय."

"सातही?"

"सातही."

"आणि हे तीन?"

ती म्हणाली, "खोटे हायत. म्याच लिवले. कुणी सांगितलं न्हवतं. शून्य द्या मॅडम, वही रद्द करा. पर मामांच्या नावावर टेपाचं काय घालू नका." आणि दप्तरातून माझा टेप काढून टेबलावर ठेवला. स्वच्छ पुसून, रबर लावून आणलेला.

मी टेप उचलला आणि उगाच एकदा ओढून बघितला.

"शून्य दिलं तर काय होईल, माहीत आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"माहीत हाय."

"तरी सांगणार नाहीस?"

"काय सांगू? खोटं ते खोटंच हाय."

मॅडम पुढं वाकल्या. "एकच विचारते. दोरीला काय टांगलं होतंस?"

इतका वेळ दगडासारखी उभी होती पोरगी. तो प्रश्न ऐकला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग वळली आणि बाहेर पळाली.

अमरसिंह सर म्हणाले, "गुन्हा कबूल केलाय मॅडम. आता काय उरलं?"

"सर," मॅडम म्हणाल्या, "घरी बसून आकडे ठोकणारी मुलगी टेप पुसून परत करते का?"

घड्याळात चार वाजत आले होते.

५

आम्ही दोघं वही उघडून बसलो. मी एकेक वस्तू सुचवायला लागलो. भरलेली बादली? बैलाच्या गळ्यातली घंटा? पाण्याचा कॅन? मॅडम प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत होत्या.

"या पेन्सिलीच्या नोंदी वाचल्यात का तुम्ही?"

वाचल्या नव्हत्या. मी आकडे बघून भडकलो होतो, कडेचं कोण वाचतं? ऐंशी सेंटीमीटरपाशी बारीक अक्षरात होतं, 'मध्येच हलला, परत घेतले.' एकशे दहापाशी, 'दुपारी घेतले, शांत होता.' आणि वर, सगळ्यांसाठी म्हणून, 'दहाच झोके, सावकाश.' आम्ही वीस झोके मोजतो.

"बादली स्वतःहून हलत नाही, भाऊ. आणि बादलीला सावकाश झोका द्यायची कुणाला काळजी असते?"

मग त्यांनी तो काळा डाग जवळ घेतला. अमरसिंह सर काल म्हणाले होते ट्रॅक्टरचं ग्रीस, मी म्हणालो होतो चुलीची काजळी. मॅडमनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि माझ्याकडं सरकवलं. "नीट बघा."

मी बघितलं. डागात रेघा होत्या, बोटाच्या ठशाच्या. पण बोट केवढं, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

"मी दोन लेकरं वाढवलीत," मॅडम म्हणाल्या. "हे काजळ आहे."

मी स्टूल ओढून बसलो. अहो, मी स्वतः फडावर झोळीत वाढलेला माणूस! माझी माय ऊस तोडायची आणि मला बाभळीला लुगड्याची झोळी बांधून टाकून जायची, थोरली बहीण दोरी ओढायची. दोरीची गाठ, गाठीखाली लुगडं, लुगड्यात लेकरू. गाठीपासून लेकराच्या मध्यापर्यंत किती? हातभर. आणि मला बादली सुचली होती.

"रोहिणीच्या घरी तान्हं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"हाय. भाऊ हाय. उशिरानं झालेला. सिदू. आठ म्हयन्याचा आसंल." बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. पोरगी परत आली तेव्हा एकटी आली होती, आणि लेकरू कसं आहे हे मी विचारलं नव्हतं. वर्गात कुणीच विचारलं नव्हतं.

मॅडमनी तीन आकड्यांवर बोट ठेवलं. "मी फक्त पहिल्या सातांवरून रेषा मांडली आणि पुढची तीन उत्तरं काढली. अडुसष्ट, पंच्याहत्तर, ब्याऐंशी. तिचा अंदाज काटेकोर बरोबर आहे. नऊ तारखेपर्यंत तिनं मोजलं. चौदा तारखेला मोजायला काही नव्हतं. भाऊ, तिला शोधून आणा. ओरडू नका तिच्यावर."

६

रोहिणी सायकल स्टँडच्या मागं बसली होती. मी शेजारी बसलो.

"रोहिणी, सिदू कसा हाय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. कुणीतरी विचारावं म्हणून पोरगी किती दिवस थांबली होती, कोण जाणे. मग ती रडली. अशी रडली, की दिपाली धावत आली आणि तिला कवटाळून बसली. विजयमाला मॅडम पण आल्या, पदर सावरून आमच्या शेजारी खालीच बसल्या. अमरसिंह सर थोडे लांब उभे राहिले.

"माय-बाप पहाटंच फडात जायचे," रोहिणी म्हणाली. "सिदू माझ्याजवळ. बाभळीला झोळी बांधलती. मामा म्हणलेते, दोरी अन् वजन असलं की झालं. दोरी हुती. वजन म्हणजी सिदूच की. माय म्हणायची, रोज रोज झोळीची दोरी कशापायी सोडतीस गं? म्या म्हणायची, अभ्यास हाय."

"दोरी गाठीपर्यंत मोजलीस," मॅडम म्हणाल्या.

"मंग काय करू? त्येच्यापस्तोर मोजाया गेलं की टेप धरून बसायचा. सोडायचाच न्हाई. वहीला बोट बी त्यानंच लावलंय." ती मधेच हसली आणि ते हसू मला बघवलं नाही. "लई गुणाचा हुता. झोका दिला की डोळे मोठे करून बघायचा. म्या मोजायची तर त्येला वाटायचं त्याच्याशीच बोलती."

"मग नऊ तारखेला?"

"सातवं झालं. रेषा काढली. तीन अंदाज लिवले. म्हणलं उद्या दोरी लांब करून बघू, कितपत जुळतंय. दहा तारखेला सकाळी त्येचं अंग तापलं. मुकादम म्हणला, संध्याकाळी ट्रॅक्टर जाईल तवा जावा. संध्याकाळी गेलो. उशीर झाला म्हणले दवाखान्यात. बारा तारखेला गेला."

अमरसिंह सर जवळ येऊन उभे राहिले.

"झोळीचं लुगडं मायीनं त्येच्यासंगंच दिलं. त्यातच गुंडाळला त्येला. फांदीला नुसती दोरी राहिली. दोन दिस तशीच हुती. चौदा तारखेला म्या दीड मीटर सोडून तिला धोंडा बांधून बघितला. मंग सोडला. त्यो वेगळा लंबक झाला असता, न्हाई का मॅडम? रेषा सिदूची हुती."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्याही डोळ्यांना पाणी लागलं होतं.

"मामा म्हणलेते मोकळा रकाना चालत न्हाई. मंग रेषेनं जे सांगितलं तेच शेजारी लिवलं. रेषेवर तर त्यो अजून झुलतच हुता. दीड मीटरला दोन पूर्णांक ब्याऐंशी सेकंद."

"अगं पण मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"कुठं लिवायचं हुतं, मामा? तसला रकानाच न्हाई."

मॅडमनी जर्नलचं पहिलं पान उघडलं आणि सूचना वाचून दाखवली. किमान सहा रीडिंगं. सहा! छापलेलं होतं, आणि सव्वीस वर्षं ते माझ्या हाताखालून जात होतं. दहाचा हट्ट बोर्डाचा नव्हता. तो आमच्या लॅबचा होता, भगवानराव सरांच्या खेळातून आलेला, आणि मी त्याचा कायदा करून ठेवला होता. पोरीला खोटं लिहायची गरजच नव्हती. सात रीडिंगं तिच्याजवळ होती, खरी, वर्गात सगळ्यात चांगली.

"अंदाजाचे तीन आकडे राहू दे," मॅडम म्हणाल्या. "ते बरोबर आहेत. प्रत्यक्षातले तीन खोड. आणि का घेता आले नाहीत, ते शेजारी लिही. तुझ्या शब्दांत. मग सही मी करते."

रोहिणीनं पट्टी लावून तीन आकड्यांवर तीन सरळ रेघा मारल्या. पेन धरून बसली. आम्ही चौघं बघत होतो. मग त्या मोकळ्या रकान्यात तिनं लिहिलं, 'लंबक राहिला नाही.'

विजयमाला मॅडमनी खाली सही केली, तारीख घातली. अमरसिंह सर पुढं आले, वही मागून घेतली आणि आपल्या जुन्या सहीशेजारी पुन्हा सही केली. या वेळी पान वाचून. "बजरंगला मी फोन करतो," ते म्हणाले. "पास होणार आहे म्हणून सांगतो." रोहिणी म्हणाली, "बापाला नका सर, मायीला करा. बायनाबाई म्हणा, ती उचलती. तिच्याशी कुणी बोलतच न्हाई तिकडं."

माझ्या खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या, परीक्षेच्या दिवशी असतातच. त्या वर्षी अंदाज सगळ्यात जवळ कुणाचा होता, ते कुणाला कधीच कळणार नाही. मी एक गोळी काढून रोहिणीच्या हातावर ठेवली. तिनं ती खाल्ली नाही. कंपासपेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

यंदा नवीन बॅच आली आहे. टेप मी अजून देतो, फडावर जाणाऱ्या प्रत्येकाला देतो, स्टॉक रजिस्टरचं काय व्हायचं ते होऊ दे. फक्त देताना पूर्वीचं वाक्य म्हणत नाही. आता म्हणतो, मोजता येईल तेवढं मोजा. घरी सगळे बरे आहेत का ते मला फोन करून सांगा. आणि रकाना मोकळा राहिला तर राहू द्या.